कार्डिओ आणि स्ट्रेंथ ट्रेनिंग एकत्र करताना पडणारे प्रश्न

व्यायाम करणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडलेले दिसतात. एकीकडे कार्डिओवाले, म्हणजे चालणारे, धावणारे, सायकल चालवणारे. त्यांना वजनांची भीती तरी वाटते नाहीतर कंटाळा तरी येतो. दुसरीकडे स्ट्रेंथ ट्रेनिंगवाले, म्हणजे वजनं उचलणारे. ट्रेडमिलवर वीस मिनिटं घालवली की मेहनतीने कमावलेले स्नायू गेले, अशी त्यांची समजूत असते. शरीराला मात्र दोन्ही लागतं, आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाच्या आठवड्यात दोन्ही बसतंही. ते कसं बसवायचं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

दोन्ही कशाला? एकच काहीतरी मन लावून केलं तर चालणार नाही का?

काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण अर्धं काम राहून जातं.

कार्डिओचं महत्त्व आता बहुतेकांना पटलेलं आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असं त्यात दिसलं. नियमित कार्डिओने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात. तोच जिना चढताना पूर्वीसारखी धाप लागत नाही, ती यामुळेच.

स्नायूंचा आकार, ताकद आणि हाडांची घनता या गोष्टी मात्र शरीर ओझं पडल्याशिवाय फारशा वाढवत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. रोज तासभर चालणाऱ्याचीसुद्धा ही घट नुसत्या चालण्याने थांबत नाही. वर्षानुवर्षं न चुकता चालणारी माणसं खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घेतात, तेव्हा कमी पडते ती मांड्यांची आणि नितंबांची ताकद, दम नव्हे. या दोन्हींतली जास्त दुर्लक्षित बाजू स्ट्रेंथचीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

कार्डिओ केल्याने कमावलेले मसल्स जातात, हे खरं का?

या समजुतीला एक मूळ आहे, आणि ते नीट माहीत असलं तर भीती बरीच कमी होते.

१९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १० आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने आठवड्यातून ५ दिवस पायांचा जड व्यायाम केला. दुसऱ्याने ६ दिवस जोरकस सायकलिंग आणि धावणं केलं. तिसऱ्या गटाने हे दोन्ही केलं. सुरुवातीचे काही आठवडे तिसऱ्या गटाची ताकद पहिल्या गटासारखीच वाढत गेली. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ती थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दमाच्या बाबतीत मात्र तिसरा गट दुसऱ्याच्या बरोबरीनेच पुढे गेला. दमाचा व्यायाम ताकदीच्या आड येतो, हा विचार इथून रुजला. पुढे त्याला पेशींच्या पातळीवरचं स्पष्टीकरणही मिळालं: इंधन कमी पडलं की पेशीत एएमपीके नावाचं प्रथिन जागं होतं, आणि स्नायू बांधायचा हुकूम देणारी एमटॉरची यंत्रणा ते काही वेळ मंदावतं.

आता त्या प्रयोगातली मात्रा पाहा. आठवड्याला अकरा सत्रं, सगळी कसून, आणि भार सगळा पायांवर. तुमच्याआमच्यापैकी किती जण एवढा व्यायाम करतात? त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत यावर भरपूर संशोधन झालं. २०२२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही एकत्र केल्याने स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांत घट दिसली नाही. फटका थोडा बसतो तो झटक्याच्या ताकदीला, म्हणजे उंच उडी किंवा जोरात मुसंडी मारायला लागते तिला. तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात पाठोपाठ केले तर. तुम्ही उडी मारणारे किंवा वेगाने धावणारे खेळाडू असाल तर ही गोष्ट जरूर मनावर घ्या. आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्याने या भीतीपोटी कार्डिओ सोडणं म्हणजे विनाकारण स्वतःचं नुकसान करून घेणं आहे.

स्नायू खरोखर जातात ते वेगळ्याच कारणांनी: खाणं फार कमी, झोप अपुरी आणि वजनांचा व्यायाम बंद. दोष मात्र धावण्याला दिला जातो.

एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर आधी काय?

जे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं, ते आधी. महिन्याभराने शर्यत असेल तर धावणं आधी. बाकी सगळ्यांनी वजनं आधी, कार्डिओ नंतर.

याचं कारण जिममध्ये डोळ्यांनी दिसतं. पाच किलोमीटर दमून धावलेला माणूस लगेच बारबेल (वजनं लावलेली दांडी) खांद्यावर घेऊन स्क्वॉटला, म्हणजे बैठकांना, उभा राहतो. पहिल्या दोन-तीन रेप्स (त्याच हालचालीच्या आवृत्त्या) ठीक जातात. चौथ्या-पाचव्या रेपला वर येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात, टाचा किंचित उचलल्या जातात, कंबर गोल होते. तेच वजन त्याने आदल्या आठवड्यात व्यवस्थित उचललेलं असतं. पाय थकले की आधी घडी बिघडते, आणि घडी बिघडलेल्या अवस्थेत पाठीवर वजन असणं धोक्याचं. याउलट स्क्वॉटनंतर तुम्ही सायकलवर बसलात तर फार तर वेग थोडा कमी मिळेल. हृदयाला आणि फुप्फुसांना त्यांचं काम मिळतंच. क्रम बदलून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसतं: वजनं आधी केली तर पायांची ताकद थोडी जास्त वाढते, दमाच्या वाढीत क्रमाने फारसा फरक पडत नाही.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं हलकं चालणं किंवा सायकल हा वॉर्म-अप झाला. तो कार्डिओत धरू नका आणि टाळूही नका.

सकाळी एक आणि संध्याकाळी एक जमत असेल तर उत्तमच. मध्ये सहाएक तास आणि एक नीट जेवण असावं. तेही जमत नसेल तर एक साधा उपाय आहे: जोरकस कार्डिओच्या दिवशी छाती, पाठ, खांदे करा आणि पायांचा जड व्यायाम मध्ये एक दिवस सोडून ठेवा.

आठवड्यात किती व्हायला हवं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस कार्डिओ, आणि शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. शेवटचा भाग बातम्यांत नेहमी गळतो, म्हणून "१५० मिनिटं" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

कार्डिओ सलग दहा मिनिटं झाला तरच तो मोजायचा, ही जुनी अट आता नाही. पाच मिनिटं झपाट्याने जिने चढलात, तीही जमेला धरा.

मला आठवड्यातून तीनच दिवस मिळतात. त्यात कसं बसवू?

तीन दिवस पुष्कळ आहेत. मी सुचवेन ते असं: तिन्ही दिवस मध्ये एकेक दिवस सोडून, दर वेळी ५० ते ६० मिनिटं.

पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी वॉर्म-अपनंतर अर्धा तास वजनं. व्यायाम पाचच, पण पूर्ण शरीराचे: बैठकीचा एक (स्क्वॉट), कमरेतून वाकून उचलण्याचा एक (डेडलिफ्ट किंवा त्याचा सोपा प्रकार), ढकलण्याचा एक (पुश-अप किंवा डंबेल प्रेस), ओढण्याचा एक (रोइंग किंवा पुल-डाउन) आणि पोटा-कमरेसाठी प्लँक किंवा हातात वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या रेप्स). त्यानंतर १५-२० मिनिटं मध्यम कार्डिओ.

मधल्या दिवशी फक्त कार्डिओ, ४० ते ५० मिनिटं. आठवड्याची मिळून साधारण ७० ते ९० मिनिटं होतात. उरलेली १५० पर्यंतची मिनिटं बाकीच्या चार दिवसांत झपाझप चालून भरा, रोज पंधरा-वीस मिनिटं. त्यासाठी कपडे बदलायला नकोत की जिमला जायला नको.

दंडाचे आणि दंडामागच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम यात नाहीत, ते मुद्दामच. वेळ कमी असताना ढकलण्या-ओढण्याच्या व्यायामांतून हातांना पुरेसं काम मिळतं.

आणि चार-पाच दिवस मिळत असतील तर?

मग दिवस कसे लावता यावर बरंच काही ठरतं, आणि गडबड इथेच होते. बहुतेक जण आज पायांचा जड व्यायाम, उद्या जोरात धावणं, परवा पुन्हा पाय, असं लावतात. कागदावर हे समतोल दिसतं, पण पायांना एकही दिवस सावरायला मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघा किंवा पोटरी कुरकुरायला लागते.

त्यापेक्षा कष्टाची कामं एकाच दिवशी गोळा करा. ज्या दिवशी पायांची जड वजनं, त्याच दिवशी जोरकस धावणं किंवा सायकल. शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागून. दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी किंवा इतकं हलकं चालणं की गप्पा मारता मारता व्हावं. वाचताना हे उलटं वाटेल. पण सावरायला मोकळे ४८ तास मिळणं हे रोज थोडं थोडं थकण्यापेक्षा शरीराला जास्त मानवतं.

उदाहरण घ्यायचं तर, सोमवारी पाय आणि छोटा जोरकस कार्डिओ, मंगळवारी आरामात ३०-४० मिनिटं चालणं, बुधवारी सुट्टी, गुरुवारी कमरेवरच्या भागाची वजनं, शुक्रवारी पूर्ण शरीराचा हलका सेट, शनिवारी किंवा रविवारी लांब आणि संथ कार्डिओ. वार तुमच्या सोयीने बदला. जड आणि हलक्याची फोड मात्र मोडू नका.

कार्डिओ किती जोरात करायचा?

सगळ्यात भरवशाचं मोजमाप म्हणजे बोलणं. पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, हा जोरकस.

घड्याळावरचे ठोके पाहायचे असतील तर ते अंदाजाने पाहा. मिनिटाला कमाल ठोके किती, याचं "२२० वजा वय" हे सूत्र सर्वांना पाठ असतं. २००१ मध्ये सुचवलेलं दुसरं सूत्र २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं. साठीत मात्र पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. शिवाय एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. कमाल ठोक्यांच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम आणि त्यापुढे जोरकस, असं धरतात.

वजनं उचलणाऱ्यांनी आपला बहुतेक कार्डिओ मध्यम किंवा त्याहून हलका ठेवावा. लोकांचं नेमकं उलटं होतं: प्रत्येक वेळी ना धड हलकं, ना धड जोरात, अशा वेगात घाम काढायचा आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॉटला पाय उचलत नाहीत म्हणून कार्डिओला बोल लावायचा. संथ कार्डिओ हा वेळेचा अपव्यय नाही. हृदयाची क्षमता त्यानेही वाढते, आणि पाय वजनांसाठी ताजे राहतात.

एचआयआयटी (थोडा वेळ खूप जोरात, थोडा वेळ विश्रांती, अशा फेऱ्या) केलं तर कमी वेळात सगळं होतं ना?

दमाची क्षमता कमी वेळात वाढते, हे खरं. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ चा गाजलेला प्रयोग २० सेकंद जीव तोडून सायकल आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्यांचा होता. त्यात "जीव तोडून" हे शब्दशः घ्यायचं. शेवटच्या फेरीनंतर पुढची करणं अशक्य व्हावं, इतकं. व्यायामाच्या वर्गांत त्या नावाने जे चालतं ते बहुधा यापेक्षा खूपच सौम्य असतं. त्यात वाईट काही नाही, पण ते वेगळं आहे.

मला ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं हलकं, अशा चार फेऱ्या जास्त उपयोगी वाटतात. चढावर चालूनही त्या करता येतात. वजनांबरोबर करत असाल तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पायांच्या जड दिवसाच्या आदल्या दिवशी नको.

वजन किती घ्यायचं? सेट पुरेसा झाला हे कसं कळणार?

सेट संपवताना मनात विचारा: अजून किती रेप्स नीट निघाल्या असत्या? उत्तर "एक ते तीन" असेल तर वजन बरोबर आहे. "सात-आठ" असेल तर तो वॉर्म-अप झाला.

हे सुरुवातीला ओळखता येत नाही, म्हणून वेगाकडे लक्ष द्या. डंबेल छातीशी धरून दहा बैठका काढताय असं समजा. पहिल्या सहा एका लयीत होतात. सातवी-आठवी वर येताना, तुम्ही तेवढाच जोर लावत असूनही, मध्यावर थोडी रेंगाळते. नववीला ते रेंगाळणं स्पष्ट जाणवतं, श्वास आपसूक जोरात सुटतो. दहावीनंतर थांबा. स्नायूला वाढायला भाग पाडतात त्या या शेवटच्या तीन-चार रेप्स. लय एकदाही न बदलता सेट संपत असेल, तर पुढच्या वेळी वजन वाढवायला हवं.

साधारण ६ ते १२ रेप्सचे २-३ सेट हा सोयीचा पल्ला आहे. सगळ्या सेटमध्ये १२ निघू लागल्या, आणि सलग दोन वेळा निघाल्या, की सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवा. हलक्या वजनानेही स्नायू वाढतात, पण सेट थकेपर्यंत न्यावा लागतो. निव्वळ ताकदीसाठी जड वजन सरस.

घरी वजनं नसतील तर पाठीवर भरलेली सॅक घ्या, खाली जाताना तीन-चार सेकंद लावा, नाहीतर एका पायावरचे प्रकार शिका. अडचण वाढवत राहणं महत्त्वाचं, लोखंड असलंच पाहिजे असं नाही.

सर्किट ट्रेनिंग केलं की दोन्ही एकदम झालं, असं धरू का?

अर्धं धरा. न थांबता एकामागून एक व्यायाम केले की ठोके वाढतात, पण विश्रांती नसल्याने वजन हलकं घ्यावं लागतं आणि दम संपल्यामुळे सेट सुटतो, स्नायू थकण्याआधीच. जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटं विश्रांती लागते. वेळ अगदीच कमी असलेल्या दिवसासाठी सर्किट छान. प्रवासात, हॉटेलच्या खोलीत तर त्याला तोड नाही. कायमचा एकमेव व्यायाम म्हणून मी ते सुचवणार नाही.

वजन कमी करायचंय. मग कार्डिओच जास्त करायला हवा ना?

आकडे पाहू. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी खर्च होते. ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर सुमारे ३५०. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे खाण्यात काहीच न बदलता नुसतं धावून वजन उतरवणं हा फार लांबचा रस्ता आहे. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

मग व्यायाम कशासाठी? उतरणारं वजन चरबीचं असावं, स्नायूंचं नसावं यासाठी. कमी खाऊन नुसता कार्डिओ करणाऱ्याच्या वजनातून चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनं उचलणाऱ्याचे बरेचसे टिकतात. आणि उतरलेलं वजन पुन्हा वाढू न देण्यात कार्डिओचा मोठा हात असतो. म्हणून या काळात वजनांचे दोन-तीन दिवस आधी पक्के करा आणि कार्डिओ चालण्यापासून हळूहळू वाढवा. काट्यापेक्षा कमरेचा घेर दर दोन आठवड्यांनी मोजा. नव्याने वजनं सुरू केल्यावर स्नायूंत पाणी धरलं जातं आणि काटा काही काळ हलत नाही.

पोटाचे व्यायाम केले तर पोट कमी होईल का?

नाही. पोटाचे स्नायू मजबूत होतील. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं.

धावणं, सायकल, पोहणं: वजनांबरोबर काय चांगलं?

धावताना प्रत्येक पाऊल टेकताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. अंगदुखी त्यातून येते. सायकल, रोइंग, चढावरचं चालणं यांत हा मार कमी, म्हणून पायांच्या व्यायामाला ते कमी आड येतात. पाय दुखत असतील त्या दिवशी सायकल घ्या.

पण हाडांचा विचार केला तर पारडं फिरतं. पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तम असले तरी त्यांत हाडांवर आघात जवळपास नसतो. तेवढंच करणाऱ्यांनी वजनं मुळीच टाळू नयेत.

आवडीला यात मोठं स्थान द्या. नावडता व्यायाम दोन महिन्यांत सुटतो.

मी लांब पल्ल्याचा धावपटू आहे. वजनं उचलून अंग जड होईल, त्याचं काय?

आठवड्यातून दोनदा जड वजनं, कमी रेप्स (३ ते ६), भरपूर विश्रांती. एवढ्याने, आणि त्यात इतकं धावणं असताना, अंग फुगत नाही. फायदा असा की त्याच वेगाला प्राणवायू कमी लागतो. धावपटूंवरच्या अभ्यासांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पोटऱ्यांसाठी उभ्याने आणि बसून टाचा उचलण्याचा व्यायाम जरूर घ्या, धावपटू तोच विसरतात. शर्यत जवळ आली की एक दिवस पुरे, आणि शेवटच्या आठवड्यात पायांची जड वजनं बंद.

बायकांनी वजनं उचलली तर शरीर पुरुषी दिसेल का?

नाही. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. रजोनिवृत्तीनंतर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा त्याआधी कमावलेली ताकद आणि हाडांची घनता कामी येते. उशीर झाला असेल तरी सुरू करा. एक सूचना मात्र महत्त्वाची: व्यायाम वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते. ते अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

साठी उलटली आहे. आता वजनं सुरू करणं योग्य आहे का?

हो, आणि शक्य तितक्या लवकर. १९९० साली मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांचा जड व्यायाम दिला. त्यांचं सरासरी वय ९० होतं. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या वयातही स्नायू साद देतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

सुरुवात खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, रबर बँड ओढणं यांनी करा. ६५ नंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत: खुर्चीच्या पाठीला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, एका रेषेत टाच-चवडा जोडत चालणं. पडण्यापासून वाचवतात ते हेच.

रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर?

दोन्ही आजारांत दोन्ही प्रकारच्या व्यायामाचा फायदा होतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो; म्हणून मधुमेहात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

काळजी घ्यायची ती अशी. रक्तदाब असेल तर वजन उचलताना श्वास रोखू नका, तेवढ्या क्षणात दाब फार चढतो. उचलताना श्वास सोडा. ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे बीटा-ब्लॉकर, चालू असतील तर ठोक्यांची सगळी सूत्रं निकामी. बोलण्यावरूनच वेग ठरवा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासा. टाइप १ मधुमेहात आधी वजनं आणि मग कार्डिओ केल्याने साखर एकदम घसरण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. छातीत दडपण, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधीच त्यांच्याशी बोला.

प्रथिनं किती लागतात?

वजनं उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. तीन-चार वेळांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी असतील तर पिष्टमय पदार्थ कमी करू नका. दुसऱ्या सत्रात पाय जड पडण्याचं ते नेहमीचं कारण.

अंग दुखत असताना व्यायाम करावा का?

नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तास दुखतंच. स्नायूच्या पोटात पसरलेलं, दोन्ही बाजूंना सारखं, हालचाल केल्यावर सैलावणारं दुखणं असेल तर हलका कार्डिओ करा, बरं वाटेल. सांध्यात, एकाच बाजूला, एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर त्या भागाला विश्रांती द्या. दुखण्यावरून व्यायाम किती चांगला झाला हे मोजू नका. सरावलेल्या माणसाला चांगल्या व्यायामानंतरही फारसं दुखत नाही.

व्यायाम जास्त होतोय, हे कसं ओळखायचं?

नेहमीचं वजन सलग दोन-तीन वेळा जड लागणं, सकाळी उठल्या उठल्या ठोके नेहमीपेक्षा जास्त असणं, झोप बिघडणं, चिडचिड, सतत सर्दी. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आठवडाभर सेट निम्मे करा आणि कार्डिओ फक्त हलका ठेवा. दर सहा-आठ आठवड्यांनी असा एक आठवडा आपणहून घेणं जास्त शहाणपणाचं.

महिनाभर खंड पडला तर सगळं जातं का?

दम लवकर उतरतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. ताकद त्या मानाने बराच काळ टिकते, आणि एकदा कमावलेला स्नायू परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

धावपळीच्या दिवसांत पूर्ण थांबण्यापेक्षा कमी करा. याच हिक्सन यांनी १९८१ च्या अभ्यासात आठवड्याला ६ दिवस व्यायाम करणाऱ्यांना २ दिवसांवर आणलं. १५ आठवड्यांनंतरही त्यांच्या दमाची क्षमता टिकून होती, कारण त्या दोन दिवसांचा जोर कमी केलेला नव्हता. ताकदीचंही तसंच आहे: वजन तेवढंच ठेवलं तर आठवड्यातून एकदा, दर व्यायामाचा एक-दोन सेट एवढ्यावर काही महिने निघतात. वय जास्त असेल तर दोनदा करा.

पूर्ण खंडानंतर परत येताना पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या साधारण निम्म्यापासून सुरू करा, सेट दोनच. दुसऱ्या आठवड्यात थोडं वाढवा. धावणाऱ्यांनी पहिले काही दिवस चालणं आणि धावणं आलटून पालटून करावं. दम आठवडाभरात परत आल्यासारखा वाटला तरी पोटऱ्यांना आणि टाचेमागच्या शिरेला तयार व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात.